पोशेऱ्याचं घर

आमच्या जव्हारच्या आश्रमशाळेत यमुनाबाई स्वयंपाकाला होत्या. रविवार आला की केरसुणी काखोटीला मारून त्या पोशेऱ्याला, सासरच्या गावी, जाणाऱ्या जीपमध्ये बसायच्या आणि छप्पर नसलेलं एक घर झाडून यायच्या. घर म्हणजे विटांच्या चार भिंती आणि एक सागाची चौकट. नवऱ्याने मजुरीतून वेळ काढून एकेक थर चढवला होता. वर पत्रे चढायच्या आत तो काविळीने गेला. मी एकदा हसलो, तर बाई म्हणाल्या, "घराला वाटाया नको सर, माणसा इसरली."

दिराला गोठ्यासाठी त्या विटा हव्या होत्या. दर दिवाळीला तो विचारायचा. बाईंचं उत्तर ठरलेलं, "ता घर हाय. हात नको लावू."

भाड्याला कंटाळून त्यांनी कर्ज काढलं आणि जव्हारातच एक खोली घेतली. पगार तो केवढा! हप्ते थकले, खोली जाणार असं दिसू लागलं. कमी उत्पन्नवाल्यांना घरकर्जाच्या व्याजात सरकार मदत करतं, हे माझ्या वाचनात आलं आणि अंगात समाजसेवा संचारली. मीच अर्ज आणला, मीच भरला.

सही करताना त्या एका ओळीवर अडल्या. कुटुंबाच्या मालकीचं दुसरं पक्कं घर नाही, अशी ती ओळ होती.

"पोशेऱ्याला हाय ना, सर."

"बाई, त्याला छप्पर नाही. नियमात ते घर धरतच नाहीत."

"त्यांनी बांधला. नाय म्हून कसा लिवून देऊ?"

माझं काही चुकत नव्हतं. नियम वाचून दाखवला, खोली जाईल हेही सांगितलं. वर म्हणालो, "नुसता कागद आहे हो." बाईंनी सही केली आणि त्या भाकऱ्या थापायला गेल्या.

मदत मंजूर झाली, खोली वाचली. शिक्षकांच्या खोलीत मी पेढे वाटले.

दिवाळीला दीर आला, तेव्हा मी बाईंकडेच फराळाला बसलो होतो. त्याने तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "ने विटा. चौकटपण ने."

"अहो बाई, ते घर..." मी अर्धवट उठलो.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं.

"आपणच लिवून दिलाय ना सर, तठं घर नाय."