आत्यांची चक्कर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. किल्लारीहून जीपमध्ये एकट्या बसून निलंग्याला लेकीकडे जायच्या, कुणाची सोबत मागायच्या नाहीत. धाकट्या दिराच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही लातूरच्या एका मोठ्या कापड दुकानात गेलो होतो. साड्या वरच्या मजल्यावर. सगळे सरकत्या जिन्यावरून वर गेले, खाली आम्ही दोघीच राहिलो.

आत्या कडेलाच थबकल्या. पाऊल पुढं, पुन्हा मागं. एका हातात लुगड्याचा सोगा. लिफ्टनं जाऊ म्हणाल्या. लिफ्ट समोरच होती — काय बिघडलं असतं? पण मागं माणसं खोळंबली होती, दोन पोरी हसत होत्या. आणि मला आत्यांची लाज वाटली. त्या लुगड्याची, त्या भेदरलेल्या चेहऱ्याची.

मी त्यांचा हात धरून ओढला. चांगला हिसका देऊन. कठडा धरायलाही सवड दिली नाही. त्यांचं पाऊल दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीवर पडलं, पायरी वर उचलली गेली आणि त्या मागं कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं.

वरून सगळे धावत आले, काय झालं विचारू लागले. मी म्हणाले, "आत्यांना चक्कर आली."

डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, चक्करची गोळी सुरू झाली. एकटीनं कुठं जायचं नाही, असं नवऱ्यानं बजावलं. जीप सुटली, निलंगा सुटलं. सुरुवातीला आत्या म्हणायच्या, मला तर चक्कर आल्याचं आठवत नाही. मग त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, की आपला आता काही भरवसा नाही. अंगणात उतरतानाही भिंत धरतात. मी कितीदा बोलायचं ठरवलं! — ठरवलं, आणि गप्प बसले. भित्री आहे मी, दुसरं काय?

गेल्या आठवड्यात निलंग्याला नणंदेच्या नातीचं बारसं होतं. घरच्यांसोबतच जायचं होतं. आत्या नवं लुगडं नेसून तयार झाल्या, दारापर्यंत आल्या आणि खाली बसल्या.

"तू जा माय. वाटंत चक्कर आली तर तुला घोर लागंल. माझी गोळी तेवढी देऊन जा."

मी गोळी दिली. पाणी दिलं. आणि बारशाला गेले.