पन्नास किलोंचा जावई

करकर करत साखळी ताणली जायची आणि मी जमिनीपासून वर उचलला जायचो. तो आवाज अजून कानात आहे. मामाच्या वखारीतल्या काट्याचा. काटा जळणाची लाकडं तोलायचा होता आणि दर सोमवारी त्याच्या पारड्याच्या फळीवर मी बसायचो. आता तुम्ही हसणार. हसा. सगळी शुक्रवार पेठ हसली, तुम्हीच का मागं राहता?

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. माझ्या गळ्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, ही ग्रंथी जादा काम करते, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. सहा भाकरी खायचो, तरी शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा.

आमची ही, म्हणजे तेव्हाची मामाची सुमन, मलाच द्यायची हे लहानपणीच ठरलेलं. पण मामा माझ्या आईला म्हणाला, "अक्का, पोरगा चांगला हाय, पर हाय कुटं? पन्नास किलो भरू दे, मग बोलणी."

पहिल्या सोमवारी पंचेचाळीस भरलो. मनाशी म्हटलं, पन्नास भरायचंच. एक गोळी चुकवली नाही. शेंगदाणे, गूळ, दूध, जे दिसेल ते पोटात.

सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत वजन व्हायचं. सुमन वखार झाडत असायची. मामा वजनं घेऊन येण्याआधीच ती खाली मान घालून म्हणायची, "बसा की लवकर." मला वाटायचं, माझी लाज वाटते पोरीला.

वजन मात्र वाढत गेलं. एका सोमवारी काटा पन्नासाला सरळ उभा राहिला. मामानं पाठ थोपटली. संध्याकाळी अक्काला घेऊन ये, म्हणाला.

मी उड्या मारत दवाखान्यात गेलो. तिथलं वजन सेहेचाळीस. एक किलो वाढलं म्हणून डॉक्टर खूश, आणि मी रडायचा बाकी.

शहाणा माणूस गप घरी गेला असता. मी तडक वखारीत. लाकडं न्यायला बायकांची रांग लागलेली. सगळ्यांदेखत बोललो, "मामा, तुमचा काटा चार किलो जादा दाखवतोय. मी सेहेचाळीसच हाय. पर मी भरून काढतो, थोडी कळ काढा."

रांगेतली एक म्हातारी पदर खोचून पुढं आली. "म्हंजी इतकी वर्सं आमाला लाकडं कमीच की!"

झालं. कुणी मोळी खाली टाकली, कुणी पैसे परत मागितले, कुणी मामाचा बाप काढला. मामानं जन्मात कुणाला ओलं लाकूड विकलं नव्हतं. त्यानं रिकामा काटा सर्वांसमोर उचलून धरला. मी बसायचो ते पारडं खाली गेलं. मामा वाकला, फळीखाली हात घातला आणि सुतळीनं बांधलेलं एक बोचकं ओढून काढलं. फडकं सुमनच्या जुन्या परकराचं होतं. आत गोटे. दर सोमवारी एक वाढवलेला. एरवी वजन झालं की ती बोचकं सोडून ठेवायची, त्या दिवशी तेवढं राहून गेलेलं.

बायकांनी टाकलेल्या मोळ्या परत उचलल्या. म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

मामा ओंडक्यावर बसला. गोट्यांकडं बघितलं, दारातल्या सुमनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पोरीनं दगडं बांधून तुला पन्नासावर आणलं, आन् तू पेठंला सांगत आलास. लेका, अंगात चार किलो कमी हाय ते समजलं. डोक्यात किती कमी हाय, ते कुटल्या काट्यावर बघू?"

"पुढच्या सोमवारी येतो, मामा," मी म्हणालो.

सुमननं केरसुणी भिंतीला टेकवली, गोटे एकेक करून परत त्याच फडक्यात बांधले, आणि बोचकं घेऊन आत निघून गेली.