एकेचाळीस नंबरची फीत

आमचे हे जमीन मोजणीच्या कामावर आहेत. झाडाला लाल फीत बांधायची, तिच्यावर नंबर घालायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं, हे वीस वर्षं चाललंय.

चाळिशी उलटल्यावर यांना डोंगरात पळायचं खूळ लागलं. त्या रविवारी चाळीस किलोमीटरची शर्यत होती. वाट दाखवायला आयोजकांनीही झाडांना लाल फितीच बांधल्या होत्या. जंगलातल्या एका फाट्यावर यांनी फीत दिसली तिकडे पाय वळवले आणि तासभर पळत राहिले. पळताना फीत कोण वाचतंय? मागेपुढे माणूस नाही, पाणी संपलेलं, फोनला रेंज नाही, त्यात पाय मुरगळला.

इकडे शर्यत संपते तिथे मी आयोजकांचं डोकं खात होते. त्यांनी तंबू उतरवायला घेतला तसा मी तंबूचा खांबच धरून ठेवला.

हे झाडाला टेकून बसले, तर समोरच्या फितीला दुहेरी गाठ आणि यांच्याच अक्षरात नंबर, एकेचाळीस. गेल्या महिन्यात स्वतःच बांधलेल्या फितींमागे साहेब पळत होते. पण त्यामुळेच यांना ठाऊक होतं, साठावी फीत डांबरी रस्त्यावर आहे. लंगडत एकोणीस फिती मोजल्या आणि दुधाच्या टेम्पोतून चार वाजता माझ्यासमोर उतरले.

दुपारभर घोकलेली बोलणी मी विसरले. घोट्याला पट्टी बांधायला घेतली, तर म्हणतात, "दुहेरी गाठ मार, सुटायला नको."

मी तिसरीही मारली.