तानूकाकूचे बिब्बे

तानूकाकू बिब्बे फोडायला बसली की प्रत्येक बिब्ब्याला एकेका माणसाचं नाव द्यायची. "ह्यो तलाठी!" म्हणून दगड हाणायची. "ह्यो माझा दीर!" म्हणून दुसरा. सगळ्यांत जोराचा ठोका कळस गावच्या जावयाचा. बावडा गावात आमची भिंतीला भिंत. मी नवी सून, तिच्या शिव्या ऐकत भाकऱ्या थापायची. आतली गोडंबी बारामतीच्या बाजारात जायची आणि टरफलातलं काळं तेल काकूच्या बोटांवर राहायचं. ते अंगाला लागलं की फोड उठतात, बिब्बा उततो. काकूला मात्र तो कधी उतला नाही. "मलाच भितोय मेला!" म्हणायची.

जावई भिवा तिच्या सुंदराला काठीनं बडवायचा. पोर पळून आली की भावकी तिला परत धाडायची, आणि काकूही गपचूप तिचं गाठोडं बांधून द्यायची.

मग काकूनं आपलं डोकं चालवलं. लेकीला भेटायला म्हणून गेली आणि दाराआडच्या काठीच्या मुठीला बिब्ब्याचं तेल चोपडून आली. "हात सुजंल मुडद्याचा. भाकरीबी मोडायचा न्हाय," असं मला अगदी खुशीत सांगितलं. मलाही हसू आवरलं नाही.

थोड्याच दिवसांत सुंदरा आली ती बैलगाडीत पालथी पडून. चोळी पाठीला चिकटलेली. पाणी लावून सोडवली, तर वळावळांवर टपोरे फोड, काही फुटलेले, पाठभर लस. "काठी उलटी धरली व्हती त्यानं," ती कण्हत म्हणाली. खोबरेल लावणारा काकूचा हात तिथंच थांबला. मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

भावकी जमली. ती पाठ बघून म्हाताऱ्यांनीही जावयाला लाखोली वाहिली. काकूचा दीर म्हणाला, "वैनी, दम देतो त्येला. पोर बरी झाली की धाडू." काकू गप्प राहिली असती तर सगळं पाप भिवाच्याच माथी गेलं असतं. ती उठली.

"वळ त्येचं, फोड माझं. काठीला बिब्बा म्या लावला. बिब्ब्याला कुणाचं अंग वळखू येत न्हाय."

"कैदाशिणी!" म्हणत दिरानं तिच्या थोबाडीत दिली. ओठ फुटला. काकूनं तो पदरानं पुसला आणि लेकीच्या उशाशी बसली. आमच्यापैकी कुणीच आजवर विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं, "सुंदरे, तुला जायाचं हाय का?"

सुंदरानं मान वर केली.

"न्हाय!" ती ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पुढं ती बावड्यातच म्हातारी झाली.