चौकटीचा खालचा काठ

वाचनताईला उभ्या आयुष्यात भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती गोष्ट तिच्या वडिलांना झाली होती. ते शिंपी होते. आधी त्यांना जिन्याची शेवटची पायरी दिसेनाशी झाली, मग पायाशी पडलेली कात्री, आणि होता होता सगळंच. तोवर सुईत दोरा मात्र ते स्वतः ओवायचे, त्यामुळे डोळ्यांना काही झालंय हे त्यांनीही मानलं नाही आणि घरच्यांनीही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, फार उशीर केलात. हा घराण्यात उतरतो, मुलीचेही डोळे अधूनमधून तपासून घ्या, असंही म्हणाले. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. आज तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी ती तपासायला गेलेली नाही. आज काय, उद्या काय, असं करत तिने ते टाळलं.

आणि पोटापाण्याला तिने काम तरी कोणतं धरावं? अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या संस्थेत वाचायचं. स्पंज लावलेली एक कोंदट खोली, मधे टेबल, माइक, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. ऐकणारे तिला वाचनताई म्हणत, मग ऑफिसही म्हणू लागलं, आणि भांडण झालं की नवराही. जाडजूड चरित्रं, इतिहास, कादंबऱ्या असं काय काय तिने वाचलं होतं. मुंगीएवढ्या अक्षरातल्या तळटिपासुद्धा ती न अडखळता वाचायची. खरं तर तळटिपा तिला आवडायच्याच. रोज सकाळी पहिली तळटीप वाचून झाली की तिला हायसं वाटायचं: चला, आजचा दिवस तरी डोळे ठणठणीत आहेत. सुईदोऱ्याचा बापाचा हिशेब लेकीने जसाच्या तसा उचलला होता, पण हे तिला सांगणार कोण?

हल्ली ती उंबऱ्याला ठेचकाळायची. स्टूल, बादली, चपलांचा स्टँड, सगळं तिच्या नडगीला लागायचं. नवरा म्हणायचा, "सामान तुझ्या वाटेत येतं की तू सामानाच्या, एकदा ठरवा दोघांनी." ती हसायची आणि मनातल्या मनात गार पडायची.

अशात गणिताच्या बाईंचा अर्ज आला. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, संस्थेच्या जुन्या सभासद. दृष्टी अलीकडच्या काळात गेलेली. त्यांना हवं होतं ते एका आकाशयानाचं कॉमिक. त्या यानाची आधी टीव्हीवर मालिका झाली, मग सिनेमे, मग खेळणी, दप्तरं, आणि त्याच ओघात हे कॉमिक. सुरुवातीचे भाग बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते. पुढचे निघाले तेव्हा डोळे उरले नव्हते.

संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते अर्ज वाचून उखडले. "अंध माणसाला चित्रांचं पुस्तक? थट्टा आहे का ही? आणि सिनेमाच्या जिवावर जगणारी ही पुस्तकं! कंपनीने सांगायचं, यांनी काढायचं. मूळ गोष्टच विकाऊ, तर तिच्या पिलावळीला गंभीर वाचक कशाला हवेत?"

वाचनताईने मान डोलावली. तिलाही अगदी तसंच वाटत होतं. इतिहासाचे खंड रांगेत ताटकळत असताना हे काय मधेच?

पण बाईंनी सरांचं डोकं खाल्लं. रोज फोन. शेवटी सरांनी हात टेकले आणि एक भाग रेकॉर्ड करायची परवानगी दिली, जणू पिच्छा सोडवण्यासाठी लाच द्यावी तशी. वाचनताईने बाईंना फोन करून विचारलं, चित्रं कशी सांगू?

"दिसतं तेवढं सांगा. तुम्हाला काय वाटतं ते नको, ते माझं मला वाटू दे."

"बाई, रागावू नका, पण तुमच्यासारख्या माणसाला यात काय सापडतं?"

बाई हसल्या. "अहो, त्या चित्रकाराला कंपनीने बांधून घातलेलं असतं. नायक मरायचा नाही, यान बदलायचं नाही, सिनेमाविरुद्ध काही घडायचं नाही. एवढ्या अडचणीत बसूनही एखादा त्यात स्वतःचं काहीतरी घुसवतोच. ते शोधायचं. मी गणित शिकवलंय, अटी घातल्याशिवाय मला मजाच येत नाही."

वाचनताईने मन लावून वाचलं, हे तिच्या वैऱ्यानेही मान्य केलं असतं. चौकट पहिली, यानाची खिडकी, कप्तान पाठमोरा. चौकट दुसरी, कप्तान समोरून, कपाळावर घाम. फुग्यातलं बोलणं वेगळ्या आवाजात. रेकॉर्डिंगवाला काचेतून अंगठा दाखवत होता. घरी गेल्यावर तिने नवऱ्याला चक्क त्या कप्तानाची गोष्ट सांगितली आणि मग स्वतःच ओशाळली.

रेकॉर्डिंग पोचल्यावर बाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"ताई, ठेंगू कुठे गेला?"

"कोण ठेंगू?"

"छोटा यंत्रमानव. गुडघ्याएवढा. सिनेमात नाही तो, मालिकेतही नाही, चित्रकाराने आपल्या पदरचा घातलाय. कुणी त्याच्याशी बोलत नाही, पण प्रत्येक चौकटीत खाली कुठेतरी तो काहीतरी पुसत, उचलत असतो. पहिल्या भागापासून. मी दर वेळी आधी त्याला शोधायची. या भागात तुम्ही त्याचं नावच घेतलं नाहीत. मेला का? काढून टाकला का कंपनीने? मला झोप नाही लागली हो."

"नाहीच आहे तो, बाई. मी चौकट न् चौकट वाचली आहे."

"बघा ना एकदा. माझ्यासाठी."

वाचनताईने फोन कानाशी धरूनच टेबलावरचं कॉमिक उघडलं. पहिली चौकट. खिडकी, कप्तान. नाहीच. मग बाईंचं 'खाली' तिला आठवलं, म्हणून तिने मान वाकवून नजर कागदाच्या खालच्या काठावर नेली.

तिथे तो होता. बादलीसारखं डोकं, हातात फडकं, कप्तानाच्या बुटाशी वाकलेला. तिने नजर पुन्हा कप्तानाच्या डोक्यावर नेली आणि ठेंगू नाहीसा झाला. धूसर झाला नाही, काळा डाग आला नाही, तिथे नुसती जमीन होती, आणि ती जमीन अगदी खरी वाटत होती. पुन्हा खाली पाहिलं, की होता. दुसरी चौकट, होता. तिसरी, होता. ती पानं उलटत गेली आणि प्रत्येक पानावर तो होता, एकदाही चुकला नव्हता. स्पंजाच्या त्या खोलीत तिला स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

"ताई? आहे का?"

"आहे," ती कशीबशी म्हणाली. "माझ्याकडून राहून गेला."

"एका चौकटीत राहील. दोनमध्ये राहील. सगळ्यांत कसा राहील?" मग बाईंचा आवाज बदलला, वर्गात शेवटच्या बाकावर रडणाऱ्या मुलीशी बोलावं तसा झाला. "तुझ्या घरात कुणाला काचबिंदू होता का गं?"

वाचनताईने फोन ठेवून दिला. असा उद्धटपणा तिने जन्मात केला नव्हता.

पुढचे काही दिवस तिने स्वतःची समजूत घालण्यात घालवले. चित्रच गिचमिड आहे. छपाई फिकी आहे. आपल्याला कॉमिकची सवय नाही. मग तिने इतिहासाचा खंड काढला आणि तळटिपा वाचल्या, एकामागून एक, मोठ्याने. सगळ्या घडाघडा वाचता आल्या, पण या खेपेला हायसं काही वाटेना. जिना उतरताना ती कठड्याला घोरपडीसारखी चिकटायची. नवऱ्याने विचारलं, काय झालंय? ती त्याच्यावरच खेकसली. वडील शेवटी शेवटी भिंतीला हात लावत चालायचे, ते तिला सारखं डोळ्यांसमोर यायचं. मी पण तशीच होणार, मी पण तशीच होणार, एवढंच डोक्यात.

तिने बाईंसाठी तो भाग पुन्हा रेकॉर्ड केला, ठेंगूसकट. प्रत्येक चौकटीत मुद्दाम मान खाली घालून. बाईंनी तो ऐकायला नकार दिला.

"तपासून ये. मग ऐकेन."

"बाई, किती वाट बघितलीत तुम्ही याची!"

"बघितली. अजून बघेन. माझंही असंच झालं, आधी जिना. मी वर्षभर चष्मेवाल्याला शिव्या घालत बसले. तुझ्या आवाजात आता मला माझी ती चुकलेली पायरी ऐकू येते आणि पुढचं काही ऐकू येत नाही. जा बाई."

ती गेली. नवरा सोबत होता. त्याला तिने आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, आणि तो पहिल्यांदाच काही विनोद न करता ऐकत बसला होता. डॉक्टरांच्या अंधाऱ्या खोलीत तिला एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवलं. एक डोळा झाकलेला, हातात बटण. समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. सुरुवातीचे तिला दिसले. मग मशीन आतल्या आत घुरघुरायचं, म्हणजे कुठेतरी उजेड लागला असणार, आणि तिला काहीच दिसलेलं नसायचं. पुन्हा घुरघुर. पुन्हा काही नाही. मग तिने शाळेतल्या पोरीसारखी लबाडी केली, नुसत्या आवाजावर बटण दाबायला लागली.

"ताई," तपासणाऱ्या मुलीने हळूच सांगितलं, "उजेड नसतानाही दाबताय तुम्ही. मशीनला कळतं ते. आपण परत करू या."

परत केलं. कागदावर गोल उमटला, त्याचा खालचा भाग काळा. दुसऱ्या डोळ्याचाही तसाच. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते थेंबांनी सांभाळता येईल, बहुतेक. त्या 'बहुतेक'ला ती घरी येईपर्यंत घट्ट धरून होती.

"पण तुमच्या लक्षात आलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "वाचायला त्रास नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, अशी माणसं इकडे फिरकतच नाहीत."

"कॉमिक वाचताना," ती म्हणाली. एरवी तिने एखाद्या वजनदार ग्रंथाचं नाव सांगितलं असतं. "आकाशयानाचं."

डॉक्टर हसले नाहीत. ते बरं झालं, नाहीतर ती तिथेच रडली असती.

बाईंना फोन केला तेव्हा मात्र ती रडली. बाईंनी तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, "तुम्हाला आता भीती नाही ना वाटत?"

"वाटते की," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी डोळे उघडताना वाटते. तू थेंब घालायला चुकू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. टेबलावर इतिहासाचे खंड तयार होते.

"त्या कॉमिकचे राहिलेले सगळे भाग मला रेकॉर्ड करायचे आहेत," ती म्हणाली. "आणि संस्थेत लहान मुलांची चित्रांची पुस्तकं पडली आहेत, तीसुद्धा."

"अहो ताई, तेव्हा तुम्हीही मान डोलावली होतीत ना? हे काय गंभीर वाचन आहे? आधी हे खंड होऊ द्या, मग बघू तुमचं आकाशयान."

तिने सरांना सगळं सांगितलं. वडिलांचं, जिन्याचं, काळ्या गोलाचं. बोलताना तिचा आवाज दोनदा फुटला, ज्या आवाजावर संस्था चालत होती तो. सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि काय करावं न कळून पुन्हा बसले.

"कडेचं आधी जातं, सर. मधलं शेवटी. अक्षरं मला बरीच वर्षं वाचता येतील म्हणतात, थेंब लागू पडले तर. तुमचा इतिहास कुठे पळत नाही. पण अख्खं चित्र मला किती दिवस दिसेल ते कुणी सांगत नाही." तिने पदराने डोळे पुसले. "म्हणून चित्रं आधी."

सरांनी खंड उचलले, कपाटात ठेवले आणि रेकॉर्डिंगवाल्याला हाक मारली.