दाजींच्या शेजारची सीट

दाजी चहा पिता पिता झोपत. कप हातात, मान छातीवर आणि घोरणं असं की थांब्यावरचे बाकीचे ड्रायव्हर पोट धरून हसत. मीही हसायचो, पण जीप सुरू होईपर्यंतच. कारण जालना-राजूर काळीपिवळी दाजी चालवत आणि त्यांच्या शेजारची सीट माझी होती.

मी राजूरच्या शाळेत शिक्षक. ती सीट मला मानाने मिळाली, असं आधी वाटलं. मग दाजींनीच खुलासा केला, "सर, तुमी फकस्त बोलत राहा. तुमी गप बसले की मला गुंगी येती." मी बोलत सुटायचो, परीक्षा, कापूस, बायकोचं माहेर, काहीही. तरी पापणी जड झालीच तर दाजी समोर ठेवलेली हिरवी मिरची कचकन चावत. डोळ्यांत पाणी यायचं आणि जीप पुन्हा सरळ धावायची. माझा जीव मात्र राजूर येईपर्यंत टांगणीला.

डॉक्टरांचं नाव काढलं की उखडत. "ज्याला झोप येत न्हाई त्यानं जावं दवाखान्यात. मी पडलो की घोरतो. माझ्यासारखी झोप शेठलोकाला बी न्हाई!" घोरणं म्हणजे गाढ झोप, हे त्यांच्या घरात सगळ्यांनाच मान्य होतं. त्यांच्या बायको, काकू, तर कौतुकानं सांगायच्या.

त्या दिवशी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला निघालेल्यांनी जीप गच्च भरलेली, बायकांच्या मांडीवर लेकरं, पायाशी नारळांच्या पिशव्या. मी काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. बघतो तर दाजींचे डोळे अर्धवट उघडे, अर्धी मिरची ओठांत तशीच, आणि समोरून कापसाचा ट्रॅक्टर. मी स्टिअरिंग धरून ओढलं. जीप मुरमावरून घसरत एका बाभळीपाशी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मागे एक लेकरू रडायला लागलं, तेव्हा दाजी जागे झाले.

त्यांनी सबब सांगितली नाही. त्या लेकराकडे बघत राहिले. मग किल्ली काढून माझ्या हातात दिली. "बस झालं, सर. आता न्हाई चालवत. न्या मला कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं ते."

तपासणीत कळलं, झोपेत दाजींचा घसा मिटायचा, श्वास अडकायचा आणि जीव घाबरून पुन्हा पुन्हा अर्धवट जागा व्हायचा. ज्या झोपेची ते फुशारकी मारत, ती त्यांना मिळतच नव्हती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, कुशीवर झोपायला सांगितलं, नाकावर लावायचं हवेचं यंत्र दिलं आणि परवानगी देईपर्यंत गाडी चालवणं बंद केलं. यंत्र लावून झोपले त्याच्या दुसऱ्या सकाळी घरात घोरण्याचा आवाज नाही म्हणून काकूंनी हंबरडाच फोडला. दाजी धडपडत उठले, "अगं, जित्ता हाये! आज कुठं नीट झोपलो व्हतो!"

डॉक्टरांनी परवानगी दिली तोवर माझी बदली झाली होती. शेवटच्या दिवशी मी त्याच सीटवर बसलो आणि सवयीनं तोंड उघडलं. दाजी म्हणाले, "सर, आज गप बसा. लई वर्सं माझ्यापायी जागे राह्यले. आज तुमी झोपा."

समोर मिरची नव्हती. तरी मी त्यांच्या पापण्यांवरून नजर हलवली नाही. ती बाभूळ आली, मागे गेली. दाजी रस्त्याकडे टक्क बघत होते.

खांदा हलवून त्यांनी मला उठवलं तेव्हा राजूर आलं होतं.