सांगणारी मार्लिस, ऐकवणारा वेंडेल

मार्लिस ट्वेट माझी शेजारीण. नॉर्थ डकोटातल्या आमच्या तालुक्याची सरकारी नर्स. गावातल्या अर्ध्या लोकांना लहानपणी लस तिनेच टोचलेली. नवरा गेल्यावर घरी ती एकटीच, पण सकाळची कॉफी जोनेलच्या कॅफेत, चारचौघांत व्हायची.

कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात तिने मास्क लावा, बास्केटबॉलच्या सामन्यांना गर्दी करू नका, असं सांगितलं आणि गाव तिच्यावर उलटलं. ही वरच्या साहेबांची पोपटपंची करते, असं लोक म्हणू लागले. ती कॅफेत शिरली की बोलणी थांबत. शेवटी जोनेल, तिची शाळेपासूनची मैत्रीण, तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तू आलीस की लोक उठून जातात गं. काही दिवस येऊ नकोस." मार्लिस पुन्हा त्या दारात गेली नाही.

नाताळच्या आधी वृद्धाश्रमात साथ शिरली. जोनेलची आई गेली. अंत्यविधीला चर्चमध्ये तरीही सगळे उघड्या तोंडाने, खांद्याला खांदा लावून बसले. मार्लिस बाहेर बर्फात गाडीतच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेचा बास्केटबॉल कोच वेंडेल बाक्के याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी तिच्यासोबत होते.

"माझं कुणी ऐकत नाही. तू सांगशील?"

"मी काय डॉक्टर आहे?"

"नाहीस, म्हणूनच म्हणते."

शुक्रवारी गावच्या रेडिओवर वेंडेलने सांगून टाकलं, "माझ्या पोरांचा खेळ चालू राहायला हवा ना? मग तोंड झाका, नाहीतर घरी बसा."

पुढच्या सामन्याला अख्ख्या गावाने मास्क लावले, तेही संघाच्या रंगाचे. वृद्धाश्रमातली साथ हळूहळू ओसरली. वसंतात गावाने वेंडेलचा सत्कार केला. त्याने मार्लिसचं नाव घेतलं, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकूच गेलं नाही. ती मागच्या रांगेत होती. परतताना मला म्हणाली, "मला वाटायचं, ओळखीची आहे म्हणून माझं ऐकतील."

उन्हाळ्यात तिने फार्गो शहरात नोकरी धरली. निघायच्या दिवशी जोनेलने माझ्या हाती डब्यातून रुबार्ब पाय, आमच्याकडचा आंबटगोड भाजलेला पदार्थ, पाठवला. मार्लिसने तो गरम डबा मांडीवर घेतला, रस्त्याकडे पाहिलं.

"स्वतः नाही आली?"

"कॅफेत गर्दी आहे," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि गाडी सुरू केली.